भिरूड सरांचा तारा

सरांच्या पुढ्यात छत्रीचं चित्र होतं. कुसुमकाकूंनी ते कार्ड त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि शाळेतल्या बाई विचारतात तसं विचारलं, "हे काय आहे?"

सर चित्राकडं बघत राहिले. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली. मग म्हणाले, "नको."

"छ..." काकूंनी सुरुवात करून दिली.

"नको," सर पुन्हा म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली.

मी दारात चपला काढत होते. बातमी सांगायला धावत आले होते, पण हे बघून पाऊल आत पडेना. डॉ. पंढरीनाथ भिरूड, माझे पीएच.डी.चे गाईड. फैजपूरकडचा भरदार आवाज. ते वर्गात शिकवायला लागले की संस्थेच्या ग्रंथालयातली माणसं खिडक्या लावून घ्यायची. संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या मेंदूत गुठळी झाली. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले होते की त्यांना सगळं कळतं, विचारही पूर्वीसारखेच चालू आहेत, फक्त शब्द सापडत नाहीत. लिहायला गेलं तर अक्षरंही सापडत नव्हती. तोंडात एकच शब्द उरला होता, आणि तो सगळ्यालाच यायचा. चहा हवा का विचारलं तरी नको, पंखा लावू का विचारलं तरी नको. त्यातलं खरं नको कुठलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. काकूंना बहुतेक वेळा ओळखता यायचं. आम्हाला कधी यायचं, कधी नाही.

"ये गं मेघना," काकू म्हणाल्या. "बघा हो, जगदाळे आली."

मी सरांच्या समोर बसले आणि सांगून टाकलं. शेजारच्या म्हणाव्या अशा दीर्घिकेत सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेला तारा, सापडला होता. स्फोट दिसू लागून दोनच दिवस झाले होते. आणि तो आपल्या प्रकारचा होता, श्वेत बटूचा.

सरांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. एवढं घट्ट, की बांगडी रुतली. मग ते उठायला लागले. काकू म्हणाल्या, अहो कुठं निघालात. त्यांनी अंगातला घरातला सदरा ओढला आणि कपाटाकडं बोट केलं. दुर्बिणीकडं जायचं होतं त्यांना.

त्या ताऱ्याचं सरांच्या आयुष्यात काय स्थान होतं, ते सांगितलं पाहिजे. सूर्यासारखा तारा म्हातारा होऊन विझला की मागं एक घट्ट गोळा उरतो, आकारानं पृथ्वीएवढा आणि वजनानं जवळजवळ सूर्याइतका. तो श्वेत बटू. एकटा असला तर तो नुसता निवत जातो. पण जोडीला दुसरा तारा असला तर त्याचं वजन वाढू शकतं. ते एका मर्यादेला टेकलं, की तो अख्खा पेटतो आणि मागं काही उरत नाही. हे स्फोट इतके सारखे असतात की विश्वातली अंतरं त्यांच्या उजेडावरून मोजतात. मात्र वजन येतं कुठून, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

सरांचं म्हणणं, शेजारी फुगलेला मोठा तारा असतो. त्याचा वायू थोडाथोडा बटूवर सांडत राहतो. डॉ. नईम काझींचं म्हणणं, तिथं मोठा तारा वगैरे कुणी नसतो. दोन श्वेत बटूच एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि एकमेकांवर आदळतात. काझी सर मिरजेचे. दोघं एकाच वर्षी संस्थेत लागले, एकाच इमारतीत राहिले आणि पंचवीस वर्षं रोज जेवताना यावरून भांडले. परदेशातल्या परिषदांतही दोघं एकमेकांविरुद्ध उभे राहायचे आणि रात्री एकाच खोलीत झोपायचे, कारण दोघांनाही एकट्यानं झोप यायची नाही, असं काकू सांगायच्या.

निकाल कसा लावायचा, ते सरांनीच मांडून ठेवलं होतं. मोठा तारा असेल तर त्यानं आजूबाजूला वायू सांडलेला असणारच. स्फोटाची लाट त्या वायूवर आदळली की रेडिओलहरी निघतील. पहिल्या काही आठवड्यांत त्या मिळाल्या तर भिरूड बरोबर. दोन बटूच असतील तर आसपास सगळं स्वच्छ, मग काहीच ऐकू येणार नाही. मात्र त्यासाठी स्फोट अगदी जवळ व्हायला हवा. असा स्फोट माणसाच्या वाट्याला एखाद्याच वेळी येतो. सर त्याची तरुणपणापासून वाट बघत होते.

तो आला तेव्हा त्यांना छत्री म्हणता येत नव्हतं.

आमची रेडिओ दुर्बीण सिन्नरच्या पलीकडच्या माळावर होती. रेडिओला दिवस-रात्र सारखीच, आणि त्या महिन्यात ती दीर्घिका सकाळीच माथ्यावर यायची. काझी सरांनी स्वतःचं ठरलेलं काम बाजूला सारून वेळ मोकळा करून दिला. आम्ही पोचलो तेव्हा ते नियंत्रण कक्षाच्या पायरीवर उभे होते. गाडीचं दार त्यांनीच उघडलं.

"ये पंढरी," ते म्हणाले. "तुझ्या कसोटीला बसलोय आम्ही."

सर त्यांच्या खांद्यावर हात टाकून आत आले. मी, काकू आणि ते दोघं. माळावर दुर्बिणीच्या तबकड्या एकदम वळल्या, तेव्हा सर खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि लहान मुलासारखे हसले. त्या आजारानंतर ते पहिल्यांदाच हसले, असं काकू नंतर म्हणाल्या.

पहिल्या दिवशी काही मिळालं नाही. ते अपेक्षितच होतं. लाटेला वायूपर्यंत पोचायला वेळ लागतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. मी नकाशा तयार करून पडद्यावर आणला. दीर्घिकेच्या गाभ्याचा ठिपका होता, आसपासचे ओळखीचे दोन-तीन ठिपके होते. जिथं तारा फुटला होता तिथं नुसती खरखर. सरांनी खुर्ची पुढं ओढून पडद्याच्या त्या जागेला बोट लावलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"अजून काही नाही सर," मी म्हणाले.

त्यानंतरच्या आठवड्यातही तेच, आणि त्यानंतरही. मी गणित तपासलं, दुसऱ्या पद्धतीनं नकाशा काढला, बिघडलेल्या तबकड्या वगळून काढला. काझी सरांनी तर माझ्यापेक्षा जास्त वेळा तपासलं. ते चूक शोधत होते. स्वतःच्या बाजूनं येत असलेल्या निकालात माणूस इतक्या चिकाटीनं चूक शोधताना मी तोवर पाहिला नव्हता. बाहेर कॉफी पिताना ते मला म्हणाले, "याला बोलता येत असतं तर आज मी पेढे वाटले असते. आता कुणाशी बोलू मी?"

अडीच महिन्यांनी सगळी निरीक्षणं एकत्र करून केलेला नकाशा समोर आला. याहून खोल जाणं त्या काळी शक्य नव्हतं. तिथं काहीही नव्हतं. कुणी सांगायचं, यावर मी आणि काझी सर एकमेकांकडं बघत राहिलो. शेवटी काझी सरांनी सरांच्या शेजारी खुर्ची घेतली आणि कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

"पंढरी, बघ. तुला वाचता येतंय हे."

सरांनी पाहिलं. मग कागद उलटा केला, माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि डाव्या हातानं काहीतरी काढायला लागले. डाव्या हाताला सवय नव्हती. एक गोल झाला, वेडावाकडा आणि मोठा. त्याला चिकटून दुसरा, लहान.

"हा तुझा मोठा तारा आणि हा बटू," काझी सर म्हणाले. "बरोबर?"

"नको," सर म्हणाले आणि त्यांनी पुन्हा काढायला घेतलं. या वेळी लहान आधी आला आणि मोठा नंतर. ते मलाच विचारत असल्यासारखे माझ्याकडं बघायला लागले.

मी विचारलं, "मोठा तारा तिथं आहे, पण वायू कमी सांडलाय, असं म्हणायचंय का?"

"नको."

"वायू एकाच बाजूला आहे?"

"नको. नको." त्यांनी कागदावर पेन आपटलं. पुन्हा दोन गोल. पुन्हा. कागद भरला तेव्हा त्यांनी टेबलाच्या पांढऱ्या सनमायक्यावरच काढायला सुरुवात केली. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तो त्यांनी झटकला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. डोक्यात सगळं ठरलेलं, मांडून तयार असलेलं दिसत होतं, आणि ते बाहेर यायला वाट नव्हती. आम्ही तिघं त्यांच्याभोवती उभे होतो. तिघांपैकी कुणालाही काही करता येत नव्हतं.

मग काझी सर म्हणाले, "थांब. मला वाटतं मला कळलं." ते माझ्याकडं वळले. "मोठ्या ताऱ्यानं वायू द्यायचं काम फार पूर्वीच थांबवलं असेल. बटू त्यानंतर बराच काळ तसाच फिरत राहिला आणि मग फुटला. तोवर वायू लांब निघून गेला. म्हणजे लाट तिथं आज नाही, उद्या पोचेल. वर्षानं, दोन वर्षांनी. पंढरी, थांबू या म्हणतोस ना? वाट बघू या?"

सर त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी पेन ठेवलं आणि डोकं खुर्चीला टेकून डोळे मिटले. दमले होते. आम्ही त्याला होकार समजलो.

त्यानंतर काझी सरांनी जे केलं ते संस्थेत कुणालाच पटलं नाही. दर दोन महिन्यांनी ते त्या ताऱ्यासाठी दुर्बिणीचा वेळ मागायला लागले. वेळ वाटणाऱ्या समितीनं नकार दिला की स्वतःच्या वाट्याचा वेळ द्यायचे. तोवर परदेशातल्या एका गटानंही तिथं काही नाही असं जाहीर करून टाकलं, आणि आमचा शोधनिबंध मात्र अर्धवट पडून राहिला. माझ्या फेलोशिपची मुदत संपत आली. फलटणहून वडील विचारायचे, अजून किती. मला सांगता यायचं नाही. न मिळालेल्या गोष्टीवर प्रबंध लिहिता येतो, पण मिळेल की नाही याची वाट बघत असताना तो लिहिता येत नाही.

एकदा सिन्नरहून परतताना मी धीर करून विचारलं, "सर, हा मुद्दा भिरूड सरांचा आहे, की तुमचा?"

काझी सर खिडकीबाहेर बघत होते. "मला काय माहीत? पण त्याच्या बाजूनं बोलायला कुणीतरी पाहिजे. पंचवीस वर्षं ऐकलंय मी त्याला. जगात त्याची बाजू सगळ्यात जास्त पाठ मलाच आहे."

दर वेळी निरीक्षण झालं की ते सरांच्या घरी जायचे, नकाशा दाखवायचे आणि म्हणायचे, "काही नाही रे पंढरी. अजून बघू." सर नकाशा हातात घेऊन काझी सरांच्या तोंडाकडं बघायचे. पहिल्यापहिल्यांदा ते चिडायचे, गोल काढायचे, टेबलावर मूठ आपटायचे. काझी सर आणखी घाईघाईनं नवं काहीतरी सुचवायचे, वायू आणखी लांब असेल, विरळ असेल, आपण पुढच्या वेळी जास्त वेळ मागू. हळूहळू सरांनी गोल काढणं सोडलं. नकाशा बघून घडी करायचे आणि काझी सरांना परत द्यायचे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वरण-भात, असा सरांच्या आवडीचा बेत होता. त्या सकाळीच काझी सर नवा नकाशा घेऊन आले होते. नेहमीचाच. ताटं वाढून झाली, काकू लोणचं आणायला आत गेल्या. काझी सर सांगायला लागले की त्यांनी पुढच्या वर्षाचाही अर्ज केला आहे, बहुतेक मिळेल, नाही मिळालं तर ते संचालकांशी बोलतील.

सरांनी घास ठेवला. ताटातली वरणाची वाटी उचलली आणि वरण सरळ भातावर ओतलं. रिकामी वाटी टेबलाच्या मधोमध ठेवली. मग हात लांब करून काझी सरांच्या ताटातली वाटी घेतली. तीही तशीच, त्याच घाटाची, त्याच मापाची. ती त्यांनी काझी सरांच्या भातावर उपडी केली. वरण टेबलावर सांडलं. मला वाटलं त्यांना राग अनावर झाला. मी उठणार होते.

पण ते शांत होते. दुसरी वाटी त्यांनी पहिलीच्या समोर ठेवली. मग टेबलावर मधे असलेलं भरताचं मोठं पातेलं डाव्या हातानं ढकलत पार कडेला नेलं, आता याचं काम नाही म्हणावं तसं. काझी सरांकडं पाहिलं. काझी सर बघताहेत याची खात्री केली. आणि दोन्ही वाट्या सावकाश गोल फिरवत जवळ आणल्या. एका हातानं ते नीट जमत नव्हतं, एक सरकवायचे, मग दुसरी. शेवटी त्या एकमेकींवर आदळल्या. खण्ण आवाज झाला.

मग त्यांनी दोन्ही वाट्या काझी सरांच्या पुढ्यात सरकवल्या आणि त्यांच्या हातावर दोनदा थोपटलं.

काकू लोणच्याची बरणी घेऊन दारात थांबल्या होत्या. एवढे महिने ते डाव्या हातानं दोन सारखे गोल काढायला बघत होते. हातच सारखा चालत नव्हता. एक मोठा व्हायचा, एक लहान. आणि मोठा-लहान दिसले की आम्हाला त्यांचीच जुनी मांडणी दिसायची. नियंत्रण कक्षात तो कागद बघितला त्याच क्षणी त्यांनी काझी सरांचं म्हणणं मान्य केलं होतं.

काझी सरांचा चेहरा बघवत नव्हता. "सगळं विचारलं रे तुला," ते म्हणाले. "एवढं एक सोडून सगळं विचारलं. मला वाटलं, हरलास का, हे कसं विचारायचं."

सर हसले. एका बाजूनंच हसू यायचं त्यांना.

मला वाटलं, झालं. काकूंनी बरणी ठेवली, फडकं आणून टेबल पुसायला घेतलं. पण सरांनी काकूंचा हात अडवला. त्यांनी डाव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. वर्गात ते असं बोट वर करायचे तेव्हा पुढचा शब्द 'पण' असायचा. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं. काझी सर ताठ बसले.

"पण काय, पंढरी?"

सरांनी एक वाटी घेतली आणि दुसरीत ठेवली. दोन्ही एकमेकींत बसल्या. मग ती जोडी उचलून टेबलावर पालथी घातली आणि वरून तळव्यानं दाबली. काझी सरांकडं पाहिलं.

"वजन जास्त होतं? मर्यादेच्या वर जातं?"

सरांनी मान हलवली, धड हो नाही, धड नाही नाही. पुन्हा दाबलं. जोरात.

"फिरायचा वेग? तापमान?"

"आतून पेटत नाही, बाहेरून पेटतं, असं?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले, ओठ एकत्र आणले. कुठलातरी शब्द अगदी तिथपर्यंत आला होता. आम्ही त्यांच्या ओठांकडं बघत होतो. पण आला नाही. त्यांनी आणखी एकदा करून दाखवलं, मग आणखी एकदा. काझी सरांनी जे जे सुचलं ते ते विचारलं. आत्ता काहीही विचारायला ते लाजत नव्हते. भात गार झाला. खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं. शेवटी सरांनी वाट्या बाजूला केल्या, काझी सरांच्या गालाला हात लावला आणि गार भाताचा घास घेतला. जणू समजूत काढत होते त्यांची.

फेब्रुवारीत त्यांना दुसरा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत.

निबंध काझी सरांनी आठ दिवसांत लिहून काढला. पहिलं नाव भिरूडांचं घालायचं, यावर ते अडून बसले. माझं पीएच.डी. झालं, मी बंगळूरला गेले, मग परत आले. आता मीच विद्यार्थ्यांना हे शिकवते. मोठा तारा की दोन बटू, याचं शेवटचं उत्तर अजूनही कुणाकडं नाही, असं सांगते.

काझी सर आता मिरजेत असतात. ऐंशी उलटलीय त्यांची. मागच्या महिन्यात दुपारी त्यांचा फोन आला. तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. म्हणाले, "मेघना, ती पालथी वाटी. वरून दाबली होती ना त्यानं?"

"हो सर."

"दोन बटू एकत्र आले तर फुटणारच नाहीत, आत कोसळतील आणि निमूट बसतील, असं तर म्हणायचं नव्हतं त्याला?"

मी विचार केला. तो आक्षेप जुनाच आहे, बरेच जण घेतात. त्या दिवशी तो आम्हाला का सुचला नाही, कुणास ठाऊक. कदाचित मी काझी सरांच्या चेहऱ्याकडं बघत होते म्हणून. कदाचित सरांना म्हणायचं होतं ते हे नसेलच.

"असेल सर," मी म्हणाले. "मग तुम्ही काय उत्तर दिलं असतं?"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तेच तर," काझी सर म्हणाले. "माझ्याकडं त्याला उत्तर नाहीये. आणि हे मी कुणाला सांगू?"